गायरान, सडा आणि पूररेषा: कोल्हापुरात नकाशाचं काम शिकताना

भूगोल, पर्यावरणशास्त्र नाहीतर सिव्हिल करून जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे बनवायच्या कामात, येऊ पाहणारी मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा असतो. त्याचं उत्तर मी झटकन देते. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यावर हात बसवा. डेहराडूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन कोर्स करा. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरची आणि युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, ती उतरवून घ्या. आपला अख्खा जिल्हा यूटीएम या जागतिक नकाशा-पद्धतीच्या 43 उत्तर झोनमध्ये येतो, एवढं पक्कं लक्षात ठेवा. बाकीचं काम करता करता येतं.

मला जास्त सांगायचंय ते कागदाबद्दल, कारण सार्वजनिक जमिनीचं नियोजन तिथूनच सुरू होतं. गायरान, वनजमीन, तलाव, पाणंद, नदीकाठ या सगळ्यांना आपण सहज ‘सरकारी जागा’ म्हणतो. प्रत्येकीचं दप्तर मात्र वेगळं असतं. तलाठ्याकडे (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) फक्त सातबारा मागून परत येऊ नका. वनजमिनींची नोंद गाव नमुना (गावाची महसुली नोंदवही) 1-अ मध्ये असते, बिनभोगवट्याच्या (कुणाला न दिलेल्या) सरकारी जमिनींची 1-ब मध्ये आणि अतिक्रमणांची 1-इ मध्ये. हे नमुने आणि भूमी अभिलेख खात्याचा आकारबंद (जमिनींच्या क्षेत्राची नोंद) शेजारी ठेवून वाचले की त्या गावाकडे सार्वजनिक म्हणून काय आहे, याचा पहिला अंदाज येतो. क्षेत्रं जुळत नसतील तर ती तशीच लिहून ठेवा, मनानं जुळवू नका. ती तफावत हीच बहुतेक वेळा कामाची गोष्ट असते.

वनजमीन झाडांवरून ओळखायला जाऊ नका. एखादा उघडा माळ कागदोपत्री राखीव वन असतो आणि शेजारची गर्द झाडी कुणाच्यातरी मालकीची असते. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशापासून नोंदीत वन असलेली जमीन, मालक कुणीही असो, वन संवर्धन कायद्याच्या कक्षेत येते. म्हणून नकाशात ‘कागदावरचं वन’ आणि ‘जागेवरची झाडी’ हे दोन थर कायम वेगळे ठेवा. आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते.

जुनी टिपणं (मोजणीच्या वेळचे मापांचे कागद) हातात आली तर घाबरायचं कारण नाही. मापं साखळी-आण्यात असतात. एक साखळी 33 फूट, तिचे 16 आणे. साखळी बाय साखळी म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. आता हेच उपग्रहाशी लावून बघा. सेंटिनेल-2 चा एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे एक आर, जवळपास एक गुंठाच. चित्रातला सगळ्यात बारीक तुकडा गुंठ्याएवढा असेल तर पाणंद त्यात नीट दिसणार नाही, हे वेगळं शिकवावं लागत नाही. पाणंदीसाठी ड्रोन लागतो, नाहीतर हातात जीपीएस घेऊन चालावं लागतं. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी हवाई-हद्द नकाशावर जागा तपासा. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्यानं शहराभोवती बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते.

चित्राची तारीख हा आपल्या जिल्ह्यात सगळ्यात मोठा विषय आहे. जून ते सप्टेंबर पश्चिमेकडं ढग हटत नाहीत. ऑक्टोबरात आभाळ मोकळं होतं, पण तेव्हा ऊस पुरुषभर उंच असतो. सगळे बांध झाकलेले, ओढ्याकाठची झाडी आणि ऊस एकाच रंगात. वर्गीकरण करायला बसलात की संगणक उसाला झाडी म्हणतो आणि झाडीला ऊस. तोडी संपत आल्यावरचं, फेब्रुवारी-मार्चचं चित्र घेतलं की बांध मोकळे दिसतात, पाणंदी दिसतात, गायरानात शिरलेली शेती दिसते. निदान ही दोन चित्रं जोडीनं वापरा. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा राहतो, म्हणून शक्य असेल तर मागच्या वर्षाचंही घ्या.

पण हेच मार्चचं चित्र पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर ठेवलं की उलटा घोटाळा होतो. सडा, म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार, तेव्हा काळा-तांबडा, कोरडाठक्क. अशी जमीन सरधोपट ‘पडीक’ नाहीतर ‘खडकाळ’ या रकान्यात जाते आणि एकदा ‘पडीक’ लिहिलं की ती जागा कुठल्याही प्रकल्पासाठी रिकामी ठरते. प्रकल्प आणणारा माणूस नकाशावर पहिल्यांदा हाच रंग शोधतो. सप्टेंबरात तिथं स्वतः जाऊन वाकून बघा. जांभ्याच्या उथळ खळग्यांत बोटभर पाणी साचलेलं असतं आणि त्यात गेंद, सीतेची आसवं अशी इवली फुलं दाटीनं उगवलेली असतात. सीतेची आसवं ही तर कीटकभक्षी वनस्पती आहे. माती जवळजवळ नाहीच, म्हणून पोषणाची कमतरता ती बारीक जीव पकडून भरून काढते. तिथंच गुरं चरतात आणि सड्यावर मुरलेलं पाणी खालच्या झऱ्यांना लागतं. यातलं काही उपग्रहाच्या मार्चच्या ठिपक्यात येत नाही. मी सड्याला स्वतंत्र वर्ग देते आणि अहवालात त्याचं कारण लिहिते. तुम्हीही द्या. वरिष्ठ ‘तक्त्यात असा वर्ग नाही’ म्हणाले तर शांतपणे पण ठामपणे बोला. या कामात अडून बसावं अशी ही जागा आहे असं माझं मत आहे.

पूररेषेच्या कामाला 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर फार मागणी आली. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळेतलं पोरही सांगतं. पूर चालू असताना ढगांमुळे साधं चित्र मिळत नाही, म्हणून सेंटिनेल-1 चं रडार वापरतात. रडार ढगातून बघतं, पण दाट उसाखाली साचलेलं पाणी त्याला बहुतेक वेळा कळत नाही. शिरोळकडं तर नदीकाठ म्हणजे ऊसच. तिथं निव्वळ रडारवर विसंबलात तर बुडालेली रानं कोरडी दाखवाल. त्यावर उपाय म्हणजे गावात फिरणं. भिंतीवरच्या, देवळाच्या खांबावरच्या पुराच्या खुणा मोजा, त्यांची उंची जीपीएसनं घ्या आणि मगच रेषा ओढा.

हद्द फिरताना गावातलं जुनं माणूस बरोबर असावं. कोतवाल, गुराखी, धनगरवाड्यावरची एखादी आजी. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड त्यांना ठाऊक असतो आणि तो सापडला की आख्खा गटनकाशा जागेवर बसवायला आधार मिळतो. “मावशी, ही वाट कुणाची?” असं विचारलं की वाटेबरोबर पाणवठा कळतो, देवराईची शीव कळते. आजरा, भुदरगड, शाहूवाडीकडच्या देवरायांची हद्द पुष्कळदा गटनकाशात नसते, लोकांच्या पायात असते. एक पथ्य पाळा. अतिक्रमणाची नोंद घेताना तिथं राहणाऱ्यांशी आधी बोला आणि काम कशासाठी चाललंय ते सांगा. गायरानाच्या प्रश्नाला गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या जगपाल सिंग निकालानंतर धार आली आहे. नकाशावर तुम्ही काढलेल्या एका बहुभुजाकृतीवरून कुणाच्या घराचा निर्णय होऊ शकतो, म्हणून जिथं खात्री नाही तिथं ‘मोजणी आवश्यक’ असं लिहा. हद्द कायम करण्याचा अधिकार भूमी अभिलेखचा आहे, आपला नाही.

नोकऱ्यांचं स्पष्ट सांगते. सुरुवात बहुतेकांची कंत्राटी होते, 11 महिन्यांच्या आदेशावर. वन विभाग, महापालिकेची विकास आराखड्याची कामं, नागपूरच्या एमआरसॅक या राज्याच्या सुदूर संवेदन केंद्राचे प्रकल्प, खासगी सल्लागार संस्था. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या कामाला नॅबेट या मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली संस्था लागते आणि तिथं भू-वापराचा जाणकार हे स्वतंत्र पद असतं. त्या दिशेनं अनुभव साठवत गेलात तर पुढं बरं स्थैर्य येतं. बिल वेळेवर निघत नाही हे मात्र गृहीत धरून चला.

मुलाखतीला प्रमाणपत्रांची फाइल आणा, पण तिच्याबरोबर तुमच्या स्वतःच्या गावाचा एक नकाशाही आणा. गायरान, पाणंदी, ओढा, तलाव एवढंच. प्रत्येक थराखाली तो कुठून घेतला आणि कोणत्या तारखेचा आहे ते लिहिलेलं असू दे. ग्रामपंचायतीत तो भिंतीवर लावून लोकांनी पेनानं केलेल्या दुरुस्त्या तशाच ठेवा. मी समोर बसलेली असेन तर पहिला प्रश्न त्या दुरुस्त्यांवरच विचारेन.