साखळीतला शेवटचा मॉनिटर काळा का राहतो? डिस्प्लेपोर्टच्या बँडविड्थचा हिशेब आणि वाटणी

संगणकातून निघालेली केबल पहिल्या मॉनिटरला, पहिल्यातून निघालेली दुसऱ्याला आणि दुसऱ्यातून निघालेली तिसऱ्याला, अशा जोडणीला डेझी चेन म्हणतात. टेबलामागचा केबलचा गुंता कमी होतो, ग्राफिक्स कार्डाचा एकच पोर्ट अडतो आणि काम नेटके दिसते. डिस्प्लेपोर्ट या मॉनिटर जोडण्याच्या मानकाच्या १.२ या आवृत्तीत, म्हणजे २०१० साली, ही सोय मल्टी-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट या नावाने आली आणि मॉनिटरच्या मेनूमध्ये ती एमएसटी या तीन अक्षरांनी दिसते. एचडीएमआयच्या केबलने अशी साखळी होत नाही. मॅकओएसमध्ये एमएसटीच्या साखळीवर वेगवेगळी चित्रे मिळत नाहीत, दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येते. त्यामुळे पुढचे सारे विवेचन विंडोज आणि लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आहे.

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर शेती असलेल्यांना एका केबलची क्षमता, म्हणजे बँडविड्थ, साऱ्या मॉनिटरांत वाटून घेण्याची ही व्यवस्था समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. कालवा एक, पाणी ठरलेले आणि पाळ्या वाटलेल्या; वरच्या भागात उपसा वाढला की परभणीकडच्या टेलच्या शेतकऱ्याला चारी कोरडी दिसते. फरक इतकाच की कालव्याचे पाणी टेलला निदान थोडे तरी पोहोचू शकते, इथे मात्र पूर्ण वाटा मिळाला तरच चित्र येते आणि एक कप्पा जरी कमी पडला तरी मॉनिटर सुरू होत नाही.

हा कप्पा म्हणजे काय, हे आधी पाहू, कारण पुढची प्रत्येक पायरी त्याच्यावर उभी आहे. एमएसटीमध्ये केबलमधून जाणारा काळ ६४ समान कप्प्यांत विभागलेला असतो. त्यांतला पहिला कप्पा व्यवस्थेच्या नोंदींसाठी राखीव असतो आणि उरलेले ६३ कप्पे मॉनिटरांना वाटले जातात. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, प्रत्येक मॉनिटरचे रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट आणि रंगांची खोली (प्रत्येक रंगाला किती बिट) पाहून त्याला किती कप्पे लागतील हे ठरवतो, तेवढे आरक्षित करतो आणि मगच चित्र पाठवतो. आरक्षण झाले की त्या मॉनिटरवर कोरे पान असो किंवा चित्रपट, कप्पे तेवढेच अडतात. "तिसऱ्यावर तर काहीच चालू नाही, मग जागा कशी अडते?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, त्याचे उत्तर हेच आहे.

आता हिशेबाला लागू. डिस्प्लेपोर्टच्या एचबीआर-२ या वेगात प्रत्येक लेनमधून, म्हणजे केबलमधल्या चार समांतर वाटांपैकी एकेकीतून, सेकंदाला ५.४ गिगाबिट जातात. चार लेनचे २१.६ गिगाबिट होतात, पण सांकेतिक रूपांतरात त्याचा पाचवा भाग खर्ची पडून हाती १७.२८ गिगाबिट, म्हणजे २१६० मेगाबाइट उरतात. त्याला ६४ने भागले की एका कप्प्याची क्षमता सेकंदाला ३३.७५ मेगाबाइट निघते. जुन्या एचबीआर वेगात ती निम्मी, म्हणजे १६.८७५ मेगाबाइट असते आणि एचबीआर-३ वेगात ५०.६२५ मेगाबाइट असते. ड्रायव्हरच्या नोंदींमध्ये हेच माप पीबीएन या एककात दिसते. एचबीआर-२ च्या चार लेनवर एक कप्पा म्हणजे ४० पीबीएन.

मॉनिटरची गरज काढण्यासाठी त्याचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या पिक्सेलांचा (कडेच्या रिकाम्या जागेसह) आकडा घ्यावा, त्याला प्रत्येक पिक्सेलच्या बाइटने गुणावे आणि थोडी जादा जागा धरावी. लिनक्स कर्नलमध्ये ही जादा जागा ०.६ टक्के धरलेली आहे. फुल एचडी मॉनिटरचा ६० हर्ट्झला पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ असतो. ८ बिटच्या रंगात एका पिक्सेलला तीन बाइट लागतात, म्हणजे ४४५.५ मेगाबाइट, जादा धरून सुमारे ४४८. त्याला ३३.७५ने भागले की १३.३ येतात. कप्पा अर्धा घेता येत नाही, म्हणून १४ मोजावेत. याच रीतीने २५६० गुणिले १४४० चा, म्हणजे क्यूएचडी मॉनिटर, २४१.५ मेगाहर्ट्झला २२ कप्पे घेतो. फोर-के मॉनिटर ५३३.२५ मेगाहर्ट्झच्या काटकसरी टायमिंगवर ४८ कप्पे घेतो, तर दूरचित्रवाणी संचांच्या ५९४ मेगाहर्ट्झच्या टायमिंगवर ५४. चित्र तेच, पिक्सेल तेवढेच, पण ओळींच्या कडेची रिकामी जागा जास्त असल्याने सहा कप्पे वाया जातात. एका फोर-केसोबत एक फुल एचडी बसवायचा असेल, तर ४८ आणि १४ मिळून ६२ होतात आणि जेमतेम बसतात. ५४ आणि १४ मिळून ६८ होतात आणि बसत नाहीत.

कागद घेऊन सर्वप्रथम साखळी काढावी. प्रत्येक मॉनिटरच्या चौकटीत त्याचे रिझोल्यूशन, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पोर्टची आवृत्ती आणि मधल्या केबलची लांबी लिहावी. साखळीतला प्रत्येक जोड आपला वेग स्वतंत्रपणे ठरवतो, म्हणून पहिली केबल एचबीआर-३ वर चालत असली तरी दुसऱ्या मॉनिटरचा बाहेर जाणारा पोर्ट एचबीआर-२ चा असेल, तर त्याच्या पुढच्या सर्वांना एचबीआर-२ चाच हिशेब लागू होतो. मॉनिटरच्या मेनूमध्ये शेवटचा सोडून बाकी सर्वांवर एमएसटी चालू असावे. शेवटच्यावर ते बंद ठेवावे.

त्यानंतर प्रत्यक्षात मिळालेला वेग आणि लेनची संख्या शोधावी. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. काही मॉनिटरांच्या माहितीच्या पानावर हा वेग दिसतो, एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या तपशिलात लिंकची नोंद असते आणि लिनक्सवर ड्रायव्हरच्या डीबग नोंदी चालू केल्या की कर्नलच्या लॉगमध्ये पीबीएनचे आकडेही वाचता येतात. संगणक आणि मॉनिटर सुरुवातीला आपसांत चाचणी घेऊन वेग ठरवतात. केबल निकृष्ट किंवा फार लांब असेल तर ते कोणालाही न सांगता एचबीआरवर उतरतात. तसे झाले की एका फुल एचडीला १४ ऐवजी २७ कप्पे लागतात आणि चार मॉनिटरांच्या जागी दोनच चालतात. केबल दोन मीटरच्या आतली घ्यावी. तिची विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली नसावी. तशी जोडलेली असली की मॉनिटरची वीज उलट संगणकात शिरते आणि मग बंद केलेला संगणक पंखा फिरवत बसल्याची तक्रार येते.

लेनच्या बाबतीत लॅपटॉपच्या यूएसबी-सी डॉकवर, म्हणजे एका केबलने अनेक उपकरणे जोडणाऱ्या डब्यावर, विशेष लक्ष ठेवावे. अनेक डॉक चारपैकी दोन लेन यूएसबीच्या वेगवान उपकरणांसाठी राखतात आणि डिस्प्लेला दोनच देतात. लातूरच्या एका आडत दुकानात सोयाबीनच्या भावांसाठी क्यूएचडी आणि हिशेबपट्टीसाठी फुल एचडी मॉनिटर एकाच डॉकच्या साखळीवर लावले होते. दोन लेनच्या एचबीआर-२ वर क्यूएचडीला ४४ आणि फुल एचडीला २७, असे एकूण ७१ कप्पे होतात, म्हणजे ते बसणे शक्यच नव्हते. मालकांनी मॉनिटर खराब म्हणून परत पाठवण्याची तयारी केली होती. फुल एचडी मॉनिटर लॅपटॉपच्या स्वतःच्या एचडीएमआय पोर्टला लावला आणि विषय संपला.

बेरीज ६३च्या पुढे जात असेल तर ड्रायव्हरमध्ये काय बदलायचे, हा खरा प्रश्न. अमुक मॉनिटरला इतके कप्पे द्या, असे सांगणारी पट्टी ड्रायव्हरच्या सर्वसाधारण पॅनेलमध्ये नसते, म्हणून ती शोधण्यात वेळ घालवू नये. वाटणी आपण अप्रत्यक्षपणे, मागणी कमी करून बदलतो, आणि ती कमी करण्याचाही एक क्रम असावा.

पहिला हात रंगांच्या खोलीला घालावा. वाळूजच्या एका डिझाइन कार्यालयात दोन क्यूएचडी आणि एक फुल एचडी अशी साखळी महिनोन् महिने सुरळीत चालली होती. एके सोमवारी तिसरा मॉनिटर यादीत दिसत होता, पण सुरू होत नव्हता. तिथल्या मुलाने तीन केबली बदलून पाहिल्या होत्या आणि चौथी हातात घेऊन तो म्हणाला, "सर, शनिवारपर्यंत चालत होता की!" शनिवारी संध्याकाळी कोणीतरी दोन्ही क्यूएचडी मॉनिटर ८ बिटवरून १० बिटवर नेले होते, कारण त्यांत १०७ कोटी रंग दिसतात असे त्याच्या वाचनात आले होते. ८ बिटवर २२, २२ आणि १४ मिळून ५८ कप्पे होत होते. १० बिटवर प्रत्येक क्यूएचडी २७ कप्पे मागू लागला आणि बेरीज ६८ वर गेली. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी सुट्या भागांची रेखाटने काढणाऱ्या माणसाला १०७ कोटी रंग कशासाठी हवेत, हे मला अजून उमगलेले नाही. ग्राफिक्स पॅनेलमध्ये जाऊन दोन्हींवर पुन्हा ८ बिट निवडले आणि तिसरा मॉनिटर उजळला.

दुसरा हात रिफ्रेश रेटला घालावा. खेळांसाठी घेतलेला १४४ हर्ट्झचा मॉनिटर कार्यालयात ६० हर्ट्झवर चालवला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि कप्पे मात्र निम्म्याहून अधिक मोकळे होतात. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने जावे. मॉनिटर नीट निवडला आहे ना हे वरच्या यादीत पाहूनच आकडा बदलावा. फोर-के ३० हर्ट्झवर आणला की २७ कप्प्यांत बसतो, पण माउस अडखळत चालल्यासारखा वाटतो, त्यामुळे फक्त सीसीटीव्ही किंवा दरफलक दाखवणाऱ्या पडद्यासाठीच ही तडजोड मी सुचवतो.

टायमिंगचा उपाय वर आलाच आहे. पॅनेलमध्ये कस्टम रिझोल्यूशनची सोय असेल तर तिथे रिड्यूस्ड ब्लँकिंग, म्हणजे ओळींच्या कडेची रिकामी जागा कमी करणारे टायमिंग, निवडावे. रंगाची माहिती निम्मी करणारा ४:२:२ हा पर्याय डीटीपी किंवा हिशेबाच्या कामात टाळावा, कारण लाल-निळी बारीक अक्षरे कडेला पसरट होतात. कार्ड आणि मॉनिटर दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असून डीएससी हे संकोचन, म्हणजे चित्राची माहिती दाबून पाठवण्याची रीत, दोघांनाही येत असेल, तर ते अवश्य चालू ठेवावे; दोन फोर-के मॉनिटर एका साखळीवर चालवायचे असतील तर एचबीआर-३ वरही त्याच्याशिवाय प्रत्येकी ३२ मिळून ६४ कप्पे होतात आणि हिशेब एका कप्प्याने हुकतो. रिझोल्यूशन कमी करणे हा अगदी शेवटचा उपाय, कारण मॉनिटरच्या मूळ मापाहून कमी केले की सगळेच मजकूर धूसर होतात.

इतके करूनही बेरीज जुळत नसेल, तर साखळी तोडावी. कार्डाच्या प्रत्येक डिस्प्लेपोर्टला त्याचे स्वतंत्र ६३ कप्पे असतात, म्हणून तीनांपैकी एक मॉनिटर दुसऱ्या पोर्टला लावणे हा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ मार्ग आहे. मात्र कप्पे शिल्लक असूनही चौथा किंवा पाचवा मॉनिटर लागत नसेल, तर तो बँडविड्थचा दोष नसतो. प्रत्येक कार्ड एकाच वेळी किती पडदे हाताळते याची वेगळी मर्यादा असते आणि ती कार्डाच्या माहितीपत्रकात छापलेली असते.

बदल करताना सर्व मॉनिटर एकदम चालू करू नयेत. साखळी सोडवून पहिला लावावा, त्याचे सेटिंग पक्के करावे, मग दुसरा, मग तिसरा. अशाने कोणत्या टप्प्यावर जागा संपली ते लगेच कळते. आपल्याकडे वीज गेल्यावर संगणक यूपीएसवर तगतो आणि मधला मॉनिटर साध्या बोर्डावर असल्याने बंद पडतो. त्याच्यातून पुढे काहीच जात नसल्याने शेवटचाही मावळतो, ड्रायव्हर वाटणी नव्याने करतो आणि उघडलेल्या खिडक्या पहिल्या पडद्यावर येऊन कोंबल्या जातात. म्हणून साखळीतले सर्व मॉनिटर एकाच यूपीएसवर असावेत, किंवा निदान शेवटचा सोडून बाकीचे तरी.

वाळूजच्या त्या कार्यालयात निघण्यापूर्वी मी पहिल्या मॉनिटरच्या मागे एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर प्रत्येकाचे रिझोल्यूशन, हर्ट्झ, ८ बिट आणि खाली "६३ पैकी ५८ वापरात" एवढेच लिहिले आहे.