कोल्हापुरात टूर काढताय? मग निदान या चुका तरी करू नका

दिवाळी तोंडावर आली की माझ्या व्हॉट्सॲपवर तोच मेसेज वेगवेगळ्या नंबरवरनं येतोय. "दादा, कोल्हापूर कल्चरल टूर चालू करायचीय, जरा सांगा की कसं करायचं." सोबत पीडीएफ. त्यात एका दिवसात अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा, तालीम, चप्पल खरेदी, तांबडा-पांढरा रस्सा आणि वर "लोकल एक्सपिरियन्स". आणि सस्टेनेबल हा शब्द चार वेळा. सस्टेनेबल म्हणजे नेमकं काय करणार भावा, असं विचारलं की उत्तर येतं, प्लास्टिकच्या बाटल्या देणार नाही. बरंय, नका देऊ. पण ५० सीटर बस सकाळी सहाला पेठेतल्या बोळाच्या तोंडाला लावून हॉर्न मारणार असाल तर बाटलीनं काय फरक पडतोय?

पुस्तकात सस्टेनेबल म्हणजे शाश्वत पर्यटनाच्या पर्यावरण, अर्थकारण, समाज अशा तीन बाजू लिहिलेल्या असतात. ते खरंच आहे. पण पहिल्या दोन बाजूंची लोकं निदान चर्चा तरी करतात, तिसरी कुणाच्या ध्यानातच नसते. पाहुणे घेऊन जिथं जाताय तिथल्या माणसाला विचारलंय का? तेवढं केलं असतं तर खालच्या निम्म्या चुका झाल्याच नसत्या. माझ्याही.

कुस्तीच्या तालमीला शो समजणं

ही चूक मी स्वतः केलीय म्हणून जरा लांबण लावतो. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याच्या एका कंपनीचा ग्रुप होता. तालमीच्या वस्तादांना मी आदल्या आठवड्यात भेटून आलो होतो, दहा माणसं येतील म्हणून सांगितलं होतं, ते म्हणाले या, कोपऱ्यात बसा, पोरांची मेहनत चालू असते तेव्हा बोलायचं नाही. आणि आदल्या रात्री ग्रुपवाल्यांचा फोन आला की सगळेच म्हणताहेत यायचं, बत्तीस जण आहोत. मी काय करायला पाहिजे होतं? नाही म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, या की, ॲडजस्ट करू.

पहाटे साडेपाचला बत्तीस माणसं आत. जागा केवढी, हौदा म्हणजे कुस्तीची मातीची जागा केवढी! पोरं जोर मारत होती ती थांबली. कुणीतरी फ्लॅश मारला. एकानं एका सतरा वर्षांच्या पोराला "तो डाव परत एकदा करून दाखव ना, व्हिडिओ नीट आला नाही" म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं त्याच पोराच्या हातात पाचशेची नोट ठेवली. आणि तेवढ्यात एक साहेब चांगल्या अँगलसाठी बूट घालून हौद्यात उतरले.

वस्ताद ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. उठले, कोपऱ्यातलं फावडं घेतलं, बुटाचे ठसे उमटले होते तेवढी माती स्वतः उकरली, पाटीत भरली आणि बाहेर नेऊन टाकली. त्या तांबड्या मातीत ताक असतं, तेल असतं, हळद, लिंबू असतं, रोज ती उकरून भुसभुशीत करायची, सणावाराला तिची पूजा करायची. सगळी तालीम गप. मग माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "दहा म्हणाला होतास."

पाचशेच्या नोटेचं तर नंतर कळलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचे पाहुणे गेले तर दोन पोरं मेहनत सोडून दंड दाखवायला पुढं आली म्हणे. म्हणजे नुसती माती खराब झाली असं नाही, आम्ही पोरांची सवय बिघडवून आलो. दोन वर्षं त्या तालमीचं दार माझ्या पाहुण्यांना बंद होतं आणि बरोबरच होतं.

आता माझा रिवाज असा: आधी एकटं जायचं, पाहुण्यांशिवाय. आकडा ठरवायचा आणि तो वाढवायचा नाही, बुकिंग गेलं तर जाऊ दे. चपला बाहेर, फोन खिशात, फोटो शेवटी आणि तोही विचारून. ग्रुपमध्ये बायका असतील तर ते आधी बोलून घ्यायचं, दारात उभं राहून नाही, प्रत्येक तालमीची रीत वेगळी असते. रोख पैसे पोरांच्या हातात कधीच द्यायचे नाहीत, खुराकासाठी बदाम नाहीतर मातीसाठी तेलाचा डबा वस्तादांकडं द्यायचा. ज्यांना टाळ्या-शिट्ट्यांसकट कुस्ती बघायचीय त्यांना मैदानाच्या दिवशी खासबागेत न्या की. शाहू महाराजांनी १९१२ साली ते मैदान हजारो लोकांनी बसून बघावं म्हणूनच बांधलंय, तिथं ओरडा पाहिजे तेवढं.

टॉयलेट न मोजणं

वहनक्षमता म्हणजे एका जागेला एका वेळी किती माणसं झेपतात ते. त्याची मोठमोठी सूत्रं आहेत. मी नुसते संडास मोजतो. ४५ माणसं, दोन संडास, माणशी तीन मिनिटं धरा, तासाच्या वर वेळ तिथंच गेला, आणि तेवढ्यात कंटाळलेले दहाजण तटबंदीच्या आडोशाला. पन्हाळ्याचा प्रत्येक रविवार असाच असतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी वारशाचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपला पन्हाळा आहे, सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण पन्हाळा हा नुसता किल्ला नाही, वर नांदतं गाव आहे, नगरपरिषद आहे, शाळा आहेत, त्या लोकांना त्याच एका रस्त्यानं दवाखान्याला खाली यायचं असतं. २०२१ च्या पावसात तो रस्ता खचला तेव्हा वरच्यांचे काय हाल झाले ते त्यांनाच विचारा.

मी गुरुवारी जातो. सकाळी सातला वर, गाडी एकदाच लावायची, तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी चालत. झुणका-भाकरी वरच्याच एखाद्या मावशीकडं, आदल्या दिवशी माणसं मोजून सांगितलेली, म्हणजे अन्न वाया जात नाही. रविवारच पाहिजे म्हणणाऱ्या ग्रुपला मी खिद्रापूर सुचवतो. तिथल्या कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडपात उभं राहून वरच्या गोल झरोक्यातनं आभाळ बघितलं की पन्हाळा राहिला म्हणून कोण कुरकुरत नाही. फक्त तिथल्या कोरीव हत्तींवर पाय देऊन फोटो काढू नका, एवढं तरी पाहुण्यांना सांगा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलंय ते बघितल्याशिवाय तिकडं निघू नका.

आणि हो, पन्हाळ्यावर उभं राहून कुठल्याशा घळीकडं बोट दाखवून "हीच पावनखिंड" सांगणारा गाईड मी माझ्या कानानं ऐकलाय. पावनखिंड विशाळगडाच्या वाटेवर आहे रे बाबा! जुलै १६६० च्या त्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्यावरनं निघाले आणि बाजीप्रभू तिकडं लढले. एवढं तरी वाचून या.

कमिशनवर टूर चालवणं

ही माझी दुसरी चीड. टूर स्वस्तात विकायची, ड्रायव्हरला दिवसाचे चिल्लर पैसे द्यायचे आणि मग त्यानं गाडी जिथं कमिशन मिळतंय त्याच दुकानापुढं उभी करायची. एका पाहुणीचा मला मुंबईवरनं पावसाळ्यात फोन आला होता. दुसऱ्याच्या टूरमधनं घेतलेली "अस्सल हँडमेड कोल्हापुरी", अठराशे रुपये. पहिल्या सरीत भिजली, तळ फुगला आणि आतनं पुठ्ठा निघाला. फोटो बघून मला हसू येईना. त्या अठराशेतले ड्रायव्हरला किती, दुकानाला किती, बाहेरनं माल पाठवणाऱ्याला किती, हे मांडत बसलो तर इथल्या कारागिराच्या वाटणीला भोपळा. पर्यटनातला पैसा गावात आला आणि आल्या पावली बाहेर गेला, यालाच गळती म्हणतात.

आता कुणी म्हणेल खरी कोल्हापुरी पावसात चालते का? नाही चालत, आणि हे विकतानाच सांगायचं असतं! बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं असतं ते, पाण्यात घातलं की तेही कुरकुरणारच. पण त्यात पुठ्ठा निघत नाही. खरा माल बघायचा असेल तर तळाची शिवण बघा, कातड्याच्याच वादीनं शिवलेली असते. २०१९ ला या चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. त्यामुळं "फक्त आमच्याच गल्लीतली खरी" असं सांगणाऱ्यापासनंही जरा लांब राहा. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन ब्रँडनं कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या, त्यावरनं सगळ्यांनी पोस्टी टाकल्या, राग बरोबरच होता. त्यातल्या किती जणांनी त्यानंतर कारागिराच्या दारात जाऊन एक जोड घेतला?

माझी पद्धत साधी आहे. ड्रायव्हरला दिवसाचे पैसे पुरेसे द्यायचे आणि कमिशन बंद. कारागिराच्या घरी जास्तीत जास्त सहा माणसं, आणि त्याच्या तासाभराच्या वेळेचे पैसे आधीच, कुणी चप्पल घेवो न घेवो. कारण त्या तासात त्याचं काम खोळंबलेलं असतं, तुमची करमणूक करणं हा त्याचा धंदा नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगतो, कारण यांच्यावर लिहून बोटं दुखली.

अंबाबाईच्या किरणोत्सवाची गॅरंटी विकू नका. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, पहिल्या दिवशी पाय, मग छाती, मग चेहरा. ढग आले, धुकं आलं किंवा वाटेत कुणाच्या मजल्याची आडकाठी झाली तर पोचत नाहीत. देवीला रिफंड मागता येत नाही, तुम्हाला मागतील.

जोतिबाची चैत्र यात्रा हा फेस्टिव्हल नव्हे. लोक पिढ्यान्‌पिढ्या सासनकाठी, म्हणजे देवाची उंच मानाची काठी, घेऊन येतात, तुमच्या पाहुण्यांसाठी वाट मोकळी करायला ते आलेले नाहीत. गुलालाची भीती वाटणाऱ्यानं दुसऱ्या कुठल्याही साध्या दिवशी जावं.

होमस्टे काढणाऱ्यांनो, केंद्राच्या संरक्षित स्मारकापासनं १०० मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. स्लॅब टाकून झाल्यावर मला फोन करू नका.

पांढऱ्या रश्श्यात बाहेरच्यांना आवडावी म्हणून साखर टाकणाऱ्याशी मी बोलत नाही.

आणि चूक झालीच असेल तर

गाव रागावलं, मंडळानं "परत येऊ नका" सांगितलं, की नवीन पोरं लगेच दुसरी तालीम, दुसरं गाव शोधतात. तेवढं तरी करू नका, हा शॉर्टकट सगळ्यांचीच दारं बंद करतो. पाहुण्यांशिवाय जा, पेढ्याचा बॉक्स न घेता जा, चूक झाली म्हणा आणि ऐकून घ्या. लगेच पुढची तारीख मागू नका. मी त्या तालमीत दोन वर्षं नुसता जात होतो, कधी मैदानाच्या दिवशी, कधी नागपंचमीला, ताकाची बरणी घेऊन, एकटा. वस्ताद चहा द्यायचे, टूरचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. मग एकदा त्यांनीच विचारलं, "पाहुणे येतात का अजून तुझ्याकडं?" म्हणालो, येतात. म्हणाले, "सहा आण. सात नको."

अजून सहाच नेतो. सातवा निघालाच तर तो बाहेर चहाच्या गाड्यावर बसतो, त्याचा चहा माझ्याकडनं.