प्रोजेक्ट पेजवरची टक्केवारी आणि राहून गेलेलं बँक खातं

रत्नागिरीत राहून यूएक्स डिझाइनचं, म्हणजे अ‍ॅप आणि वेबसाइट वापरायला सोप्या करायचं, काम करते, म्हणून इथली नवशिकी मुलं मला पोर्टफोलिओ पाठवतात. त्यात प्रोजेक्ट पेजचा, म्हणजे अ‍ॅपमधल्या एखाद्या कामाच्या पानाचा, एक तरी स्क्रीन असतोच. वर नाव, कोपऱ्यात गोल टक्केवारी, खाली सात-आठ कार्डं आणि प्रत्येकावर ‘पूर्ण करा’चं बटण. ग्रिड, कॉम्पोनंट, ऑटो लेआउट ही स्क्रीन मांडायची साधनं तुम्हाला येतात असं धरून चालते. मला बोलायचंय ते त्या टक्केवारीबद्दल. तिच्यापायी आमचा एक अख्खा आंब्याचा हंगाम वाया गेला आणि ते मला अजून सलतं.

बागायतदारांना ऑर्डर घेता याव्यात असं सॉफ्टवेअर होतं. एक हंगाम म्हणजे एक प्रोजेक्ट. पायऱ्या पाच: प्रोजेक्ट उघडणं, बागेची माहिती आणि फोटो, पेटीचा आकार आणि भाव, माल पाठवायचे पिनकोड, आणि पैसे जमा व्हायचं बँक खातं. तेव्हा आम्हाला सल्ला देणाऱ्या एका अनुभवी माणसाने नुन्स आणि द्रेझ यांचा २००६ सालचा प्रयोग सांगितला. गाडी धुवायच्या ठिकाणी काही गिऱ्हाइकांना आठ शिक्क्यांचं कार्ड दिलं, काहींना दहा शिक्क्यांचं, पण त्यातले दोन आधीच मारलेले. म्हणजे दोघांनाही आठच वेळा यायचं होतं. पहिल्या गटात १९ टक्के लोकांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्यात ३४ टक्के. सुरुवात झालेली दिसली की माणूस पुढे जातो. म्हणून आम्ही प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या २० टक्के भरलेली पट्टी दाखवायला लागलो.

आता इथे थांबून नीट वाचा, कारण सगळा घोळ इथेच आहे. त्या कार्डावरचा प्रत्येक शिक्का सारखा होता. आमच्या पायऱ्या सारख्या नव्हत्या. फोटो मोबाइलमध्येच असतात, भाव तोंडपाठ असतो, पिनकोड पुण्या-मुंबईचे ठरलेले. बँक खात्यासाठी मात्र कपाटातून पासबुक काढायचं, चष्मा शोधायचा, बारीक छपाईतला आयएफएससी कोड टाकायचा. लोकांनी सोप्या पायऱ्या उरकल्या, पट्टी ८० वर गेली आणि तिथेच राहिली. ८० टक्के म्हणजे आपल्याकडे चांगले मार्क! काम झालं असंच वाटतं. प्रत्यक्षात खातं जोडल्याशिवाय एकही ऑर्डर घेता येत नव्हती. पावस गावच्या एका काकांचा ऐन एप्रिलमध्ये फोन आला, “अगो, ऐंशी टक्के झालं म्हणतंय हे. मग ऑर्डर का येत नाही?” अढीतला माल तयार होता त्यांचा. आंबा थांबत नाही.

पट्टी किती भरलं ते सांगते, पेज चालू आहे की बंद ते सांगत नाही. वापरणाऱ्याला चालू की बंद तेच हवं असतं.

पुढच्या हंगामाआधी आम्ही टक्केवारी काढून टाकली. पेजवर जिथे ऑर्डरींची यादी यायची, त्याच रिकाम्या जागी एक वाक्य लिहिलं: ‘ऑर्डर अजून बंद आहेत. बँक खातं जोडलं की सुरू होतील.’ खाली एकच बटण. सेटिंग्जचा वेगळा टॅब करून त्यात लाल ठिपका ठेवू नका, तिकडे कुणी जात नाही. जिथे फळ दिसायला हवं तिथेच अडलेलं काम दिसू दे. भाव, पिनकोड, खातं यांच्याशिवाय पेज चालत नाही, म्हणून ते वर. फोटो आणि बागेची माहिती ऑर्डर सुरू झाल्यावर मागा. खोट्या नमुना ऑर्डरींनी पेज भरून दाखवणं तर अजिबात नको, त्याने माणसाला सगळं सुरू झाल्यासारखं वाटतं.

आता खात्याच्या फॉर्मकडे जवळून बघा. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि पाचवं अक्षर कायम शून्य. पासबुक बघून लोक तिथे इंग्रजी ‘ओ’ टाकतात. त्यावर ‘अवैध कोड’ म्हणून हाकलू नका, मुकाट्याने शून्य करा आणि खाली बँकेचं आणि शाखेचं नाव दाखवा. आपल्या शाखेचं नाव दिसलं की माणूस निर्धास्त होतो. दुसरं, मराठी कीबोर्डवरून पिनकोड ४१५६१२ असा येतो. जावास्क्रिप्ट या वेबपेजच्या प्रोग्रामिंग भाषेत आकडा तपासायची ‘बॅकस्लॅश डी’ ही खूण फक्त इंग्रजी आकडे ओळखते, त्यामुळे अचूक पिनकोड चुकीचा ठरतो. डेव्हलपरला आकडे बदलून घ्यायला सांगा. प्रत्येक रकाना भरताच जतन व्हावा, कारण बागेत रेंज येते-जाते. आणि बटण मोठं ठेवा. वेबपेज सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेली डब्ल्यूसीएजी २.२ ही मार्गदर्शक तत्त्वं किमान २४ पिक्सेलवर भागवतात, अँड्रॉइडच्या सूचना ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) मागतात. ४८च धरा.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. बाण दाखवत फिरवणारी टूर लावून वाईट लेआउट सुधारत नाही, लोक ती बंद करतात. दुसऱ्याचे देखणे स्क्रीन उचलून आणलेत तर त्यांचे वापरकर्तेही उचलून आणावे लागतील. पैसे घेऊन तासभर पोर्टफोलिओ बघणाऱ्या मेंटॉरपेक्षा तुमच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेणारी व्यक्ती जास्त शिकवेल. तिच्याशेजारी बसा.

हे वाचून दडपण आलं असेल तर घेऊ नका. मुंबई-पुण्याला गेल्याशिवाय हे काम शिकता येत नाही, हे खोटं आहे. मोहोराच्या दिवसांत, फवारणी नसेल त्या दुपारी एखाद्या बागायतदाराच्या पडवीत बसा, त्यांचाच फोन त्यांच्या हातात द्या आणि गप्प राहा. बोट कुठे अडखळतं ते बघा. मदत करायला हात शिवशिवतील, तरी करू नका. पहिल्या दोन-तीन जणांतच पेजची मुख्य अडचण समोर येते.

आणि मला पोर्टफोलिओ पाठवाल तेव्हा पूर्ण भरलेला स्क्रीन नको. एकाच पेजच्या तीन अवस्था पाठवा: काहीच न भरलेलं, फक्त खातं राहिलेलं, आणि खातं भरूनही बँकेने नाकारलेलं. तिसऱ्यावर कुठलं वाक्य लिहायचं, यावर आपण सविस्तर बोलू.