व्यायामानंतर अंग आंबलंय? या चुका टाळा

बऱ्याच दिवसांनी बैठका मारल्या तर त्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जिना उतरताना मांड्या भरून येतात आणि तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसतानाही हाताचा आधार घ्यावा लागतो. हे दुखणं साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतं, २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं आणि बहुतेकदा आठवडाभरात ओसरतं.

कारण विचारलं की अजूनही पहिलं उत्तर येतं, ‘लॅक्टिक ॲसिड साठलं.’ हे चुकीचं आहे. व्यायाम थांबल्यावर रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप) साधारण तासाभरात पूर्ववत होतं, मग दोन दिवसांनंतरच्या ठणक्याला ते जबाबदार कसं असेल? थिओडोर हफ या शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच अशा दुखण्याचा संबंध स्नायूच्या आत होणाऱ्या इजेशी जोडला होता. स्नायू भार पेलत असतानाच लांबतो, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. मग तिथे दाह होतो आणि आसपासच्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. बैठकीत खाली जाणं, वजन सावकाश खाली आणणं, उतारावर धावणं हे सगळं याच प्रकारात मोडतं. म्हणून डोंगर चढताना दम लागतो, पण पाय दुखतात ते बहुधा उतरल्यामुळे.

हे समजलं की सगळ्यात महागात पडणारी चूकही लक्षात येते. ती म्हणजे उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी सगळा जोर लावणं. स्नायू फार लवकर शिकतो. तोच व्यायाम आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी होतं आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. ते मिळवायला पहिल्या दिवशी बेदम व्यायामाची गरज नसते, थोडासा पुरतो. नवा व्यायाम असो किंवा मोठ्या खंडानंतरचा जुना, पहिले दोन-तीन दिवस झेपेल त्याच्या निम्म्यावर थांबा. माझ्या मते दुखण्यावरचा याहून चांगला उपाय नाही, कारण बाकीचे सगळे दुखणं आल्यानंतरचे आहेत.

‘दुखलं नाही म्हणजे व्यायाम लागला नाही’ हा समजही सोडून द्या. ताकद वाढत असताना दुखणं कमी होत जातं, हेच अपेक्षित असतं.

दुखणाऱ्या स्नायूला जोर लावून ताणू नका. व्यायामाआधी किंवा नंतर ताण देण्याने हे दुखणं जेमतेमच कमी होतं, आणि हिसका दिला तर नुकसानच. हलका मसाज, शेक, कोमट पाण्याची आंघोळ यांनी बरं वाटतं. थंड पाण्यात बसूनही आराम पडतो, पण ताकदीच्या व्यायामानंतर रोज तसं केल्यास स्नायूंची वाढ काहीशी मंदावू शकते.

दिवसभर अंथरुणात पडून राहू नका. सावकाश चालणं, संथ सायकल, हातपाय हलते ठेवणं याने तेवढ्यापुरता तरी ठणका कमी होतो. मात्र त्याच स्नायूंवर लगेच जड वजन घालू नका, कारण या दिवसांत त्यांची ताकदही घटलेली असते.

दुखू नये म्हणून व्यायामाआधीच आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय वाईट. घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात.

सगळंच दुखणं अंगावर काढायचं नसतं. व्यायाम करतानाच आलेली तीव्र चमक, एकाच ठिकाणी टोचणारी कळ, सांध्यातली वेदना किंवा सूज ही दुखापत असू शकते. त्याहून गंभीर म्हणजे रॅब्डोमायोलिसिस. यात स्नायूंचा ऱ्हास होऊन त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. मोठ्या खंडानंतर किंवा कडक उन्हात अतिरेकी व्यायाम केल्यावर हा धोका वाढतो. असह्य दुखणं, स्नायू टणक सुजणं, हातपाय उचलता न येणं, कोऱ्या चहासारखी गडद लघवी यांपैकी काहीही दिसलं तर घरी पाणी पीत वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा, कोणता व्यायाम किती केला ते डॉक्टरांना सांगा आणि रक्तातल्या क्रिएटिन कायनेजच्या (स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमच्या) तपासणीबद्दल विचारा.