जुनी गाडी बघायला जाताय? इंजिन आतून तपासायची तयारी आदल्या रात्रीपासून करा

तर सगळ्यात पहिलं काम आदल्या रात्रीचं, गाडीवाल्याला फोन करायचा आणि स्पष्ट सांगायचं की मी सकाळी साडेसहाला येतो, मी येईपर्यंत गाडीला सेल्फ मारू नका. एवढं सांगायला लाजू नका. मी पहिली गाडी मे महिन्यात भर दुपारी सोलापुरात जुन्या पुणे नाक्याजवळ बघितली होती, अर्ध्या सेल्फला चालू झाली, आवाज गोड, लगेच टोकन देऊन मोकळा झालो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात चालू केली तर तुळशीपर्यंत निळा धूर. रात्रभर व्हॉल्व सीलमधून (व्हॉल्वच्या दांडीवरचं रबरी सील) खाली झिरपलेलं ऑइल सकाळी जळतं, गरम गाडीत ते दिसतच नाही. पुढं इंजिन उघडल्यावर पिस्टनच्या रिंगापण गेलेल्या निघाल्या आणि हाफ इंजिनचं काम काढावं लागलं, घरच्यांना काय सांगायचं तेच कळंना. तेव्हापासून माझा मेस्त्री पोचल्या पोचल्या एकच म्हणतो, "आधी बॉनेटला हात लाव बे." गरम लागलं तर सरळ घरी यायचं, दुसऱ्या दिवशी परत जायचं.

पिशवीत काय घ्यायचं ते रात्रीच भरून ठेवा. चांगली टॉर्च, पांढरं सुती फडकं, हातमोजे, स्पार्क प्लगचा पाना (लांब सॉकेटवाला, नाहीतर खोल बसलेले प्लग निघत नाहीत), कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर), स्वच्छ ऑइलची छोटी बाटली, सिरिंज, वही आणि पेन. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) मोबाईलला जोडणारा मिळतो, तो असला तर उत्तम. गेज विकत नसेल घ्यायचं तर गॅरेजवाल्याला हजेरी देऊन त्याच्या गेजसकट सोबत न्या, त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत. आणि गाडीवाल्याची परवानगी आधीच घ्या की प्लग काढून चेक करणार आहे, तिथं जाऊन वाद नको. नाही म्हणाला तर मी ती गाडी सोडून देतो.

इंजिन गार असतानाच ऑइलची काडी फडक्यावर पुसून बघा आणि ऑइलचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. झाकणाखाली दुधाळ साय पावसाळ्यात थोडी दिसू शकते, पण काडीवरचं ऑइलसुद्धा चहासारखं दिसत असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, हेड गॅस्केटचा (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगचा) संशय. रेडिएटरचं झाकणही आत्ताच उघडायचं, गरम झाल्यावर चुकूनही नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. आपल्याकडं कूलंट सोडून बोअरचं पाणी भरायची सवय लई, आत तांबडा गाळ दिसला की समजायचं.

मग चालू करा, एक माणूस मागं उभा राहू दे. सकाळी निळा धूर येऊन गेला तर सील, पण गरम झाल्यावर रेस केल्यावरही निळाच येत राहिला तर रिंगा. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर पाणी आत जातंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून बघा, भकाभका धूर आणि झाकण उडायला लागलं तर बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांमधून खाली गळतोय.

आता मेन काम. इंजिन नीट गरम होऊ द्या, बंद करून थोडं निवू द्या (हेड अॅल्युमिनियमचं असतं, कडक गरम असताना प्लग काढले तर आटे जातात), प्लगभोवतीची धूळ हवा मारून काढा, नाहीतर सोलापूरची सगळी माती बोरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आत. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचे कनेक्टर काढा, चारही प्लग काढून कागदावर नंबरनं मांडा. फिकट तपकिरी असेल तर बरं, काळा ओला तेलकट असेल तर त्या सिलिंडरला ऑइल जातंय, आणि तीन प्लग तपकिरी नि एकच धुतल्यासारखा पांढरा असेल तर तिथं पाणी. गेज एका सिलिंडरला लावा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पाच-सहा फेऱ्या सेल्फ मारा, आकडा वहीत लिहा, चारही सिलिंडरला सारख्याच फेऱ्या. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, कमजोर बॅटरीत चांगलं इंजिनपण कमी दाखवतं. पेट्रोलला साधारण 150 ते 200 पीएसआय मिळायला पाहिजे, पण मी आधी चारही आकडे शेजारी ठेवून बघतो, 10-15 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. समजा 170, 165, 110, 168 आले, तर 110 वाल्यात सिरिंजनं चमचाभर ऑइल सोडा आणि परत मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोर, तसाच राहिला तर व्हॉल्व नाहीतर गॅस्केट. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर कमी असतील तर गॅस्केटकडं बघा. सीएनजी गाडीत व्हॉल्व आणि सीट जास्त झिजतात म्हणून तिथं हे सोडूच नका, चालवूनही गॅस आणि पेट्रोल दोन्हीवर बघा.

डिझेलचं कॉम्प्रेशन याच्या दुपटीच्या आसपास जातं, पेट्रोलचं गेज त्याला लावू नका, ते काम डिझेलच्या मेस्त्रीकडंच द्या.

स्कॅनर लावला आणि एकही कोड दिसला नाही म्हणून खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटर (गाडीनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारी यादी) बघा. बरेचसे अपूर्ण दाखवत असतील तर कोड आदल्याच दिवशी पुसलेले असू शकतात.

शेवटी तुळजापूर रोडला घेऊन जा, घाटात तिसऱ्या गिअरवर ओढून बघा, टेम्परेचरचा काटा कुठं जातो ते सोबतच्या माणसाला बघायला सांगा, उतरताना गिअरमध्येच अॅक्सिलरेटर सोडा आणि खाली आल्यावर परत दाबताना आरशात निळा धूर दिसतो का बघा. परत आल्यावर ऑइलची काडी आणखी एकदा काढा. एवढं झाल्यावर पैशाचं बोला.