दाट रानातील हरणाची शिकार : पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत जागा कशी हेरावी आणि कसे बसावे

पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडील डोंगराळ जंगलात पहिल्यांदा शिकारीला जाणारा माणूस बहुधा एकच चूक करतो, ती म्हणजे हरीण शोधत रानभर हिंडण्याची. ज्या रानात तीस-चाळीस पावलांपलीकडचे काही दिसत नाही, तिथे हिंडणाऱ्या माणसाची चाहूल आणि वास हरणाला फार आधी लागलेला असतो आणि ते केव्हाच वाट बदलून निघून गेलेले असते. हरीण दिवसा कुठे बसते, चरायला कुठे जाते आणि या दोन ठिकाणांमधली त्याची वाट कुठून जाते, एवढे आधी ओळखावे आणि वारा पाहून त्या वाटेजवळ त्याच्या आधी जाऊन बसावे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची दाट रानातील शिकार मुख्यतः या पूर्वतयारीवरच होते.

कायद्याची बाजू सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे पुढील मजकूर केवळ अमेरिकेत परवाना घेऊन शिकार करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. पेनसिल्व्हेनियात प्रथमच परवाना घेणाऱ्याला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि मादी मारण्यासाठी त्या-त्या विभागाचा वेगळा परवाना लागतो. आपल्यापैकी जे एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आहेत, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशा व्हिसावरील व्यक्तीला संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि राज्याने दिलेला वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्यातील एक मान्य अपवाद आहे. बंदुकीला हात लावण्यापूर्वी हा मुद्दा जाणकार वकिलाकडून नीट समजून घ्यावा, कारण येथे झालेली चूक केवळ दंडावर भागत नाही.

जागेचा प्रश्न या राज्यात तसा सोपा आहे. राज्याच्या गेम कमिशनच्या, म्हणजे शिकार व वन्यजीव सांभाळणाऱ्या खात्याच्या, मालकीची पंधरा लाख एकरांहून अधिक जमीन शिकारीसाठी खुली आहे आणि वायव्येकडील अ‍ॅलेगेनी राष्ट्रीय वनाचे पाच लाखांहून अधिक एकर वेगळेच. खरी अडचण या एवढ्या पसाऱ्यातून बसण्याजोगी दहा-पंधरा पावलांची जागा निवडण्याची असते आणि ते काम नकाशावरून सुरू होते.

समोच्च रेषांचा नकाशा घ्यावा आणि सह्याद्रीत भटकलेल्या माणसाच्या नजरेने तो वाचावा. डोंगराच्या दोन माथ्यांमधली खिंड, उतारावर मध्येच आलेली माचीसारखी सपाटी, मुख्य धारेपासून खाली उतरणारी सोंड आणि घळीचा वरचा टोकाकडचा भाग या चार जागांवर प्रथम खूण करावी. हरीण चढ-उतारात नाहक शक्ती घालवत नाही. डोंगर ओलांडायचा तर ते खिंडीतून ओलांडते, उतारावरून आडवे जायचे तर सपाटीवरून जाते आणि खोल घळ आडवी आली तर तिच्या वरच्या टोकाला वळसा घालून जाते. त्यानंतर उपग्रहाचे छायाचित्र पाहावे. पाच ते पंधरा वर्षांपूर्वी तोड झालेले आणि आता रोपट्यांनी खच्चून भरलेले तुकडे, माउंटन लॉरेल या सदाहरित झुडपाच्या जाळ्या आणि हेमलॉक या सूचिपर्णी वृक्षाची सदाहरित राई यांत हरणे दिवसा दडून बसतात. असे गचपण आणि ओकचे मोठे रान जिथे एकमेकांना भिडते, ती कड मिळाली की निम्मे काम झाले असे समजावे. गचपणाच्या मधोमध मात्र बसू नये, कारण तिथे दिसत काही नाही आणि आपल्या पायरवाने हरणे ती जागाच सोडून देतात.

नकाशावरच्या खुणा पायी जाऊन तपासाव्यात आणि त्यासाठी सर्वांत चांगला काळ हंगाम संपल्यानंतरचा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चचा आहे. तेव्हा पाने गळालेली असतात, बर्फावर किंवा ओल्या मातीत वाटा उमटलेल्या दिसतात आणि आपण हरणांना उठवले तरी पुढच्या हंगामापर्यंत ती ते विसरून जातात. हरणाची बैठक म्हणजे पाचोळ्यात किंवा बर्फात दबलेला तीन-चार फुटांचा लांबट गोल. असे लहानमोठे तीन-चार गोल एकत्र असतील तर तो माद्या आणि पाडसांचा कळप असतो आणि एकच मोठा गोल डोंगराच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, वाऱ्याच्या आडोशाला असेल तर ती बहुधा नराची बैठक असते. तिथे क्षणभर गुडघे टेकून बसावे आणि हरणाच्या उंचीवरून खाली पाहावे. पाठीमागून धारेवरून येणारा वारा त्याला मागची बातमी देतो आणि समोरचा सारा उतार त्याच्या डोळ्यांखाली राहतो, हे एकदा स्वतः अनुभवले की नर तीच जागा का निवडतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

शिंगे घासून साल सोललेली झाडे आणि खुरांनी उकरलेली जमीन या नराच्या खुणा होत. झाडाच्या ज्या अंगाची साल सोललेली असते, त्या अंगाने नर आलेला असतो, म्हणून अशी चार-पाच झाडे ओळीने सापडली तर त्याच्या येण्याची दिशा कळते. उकरलेल्या जमिनीच्या वर चार-पाच फुटांवर जवळजवळ नेहमीच एक झुकलेली डहाळी असते आणि तिची टोके चावलेली, मोडलेली दिसतात. नर तिला आपला वास लावून जातो. मात्र अशा अनेक जागांवर नर रात्रीच येतो, त्यामुळे केवळ एवढ्यावर विसंबून तिथे बसू नये.

खाद्याकडे बारकाईने पाहावे. पांढऱ्या ओकची फळे एकाच वर्षात पिकतात आणि कमी तुरट असतात, तर लाल ओकच्या फळांना दोन वर्षे लागतात आणि ती अधिक तुरट असतात. त्यामुळे शरद ऋतूत हरणे आधी पांढऱ्या ओकखाली गर्दी करतात आणि ती फळे संपली की लाल ओककडे वळतात. सर्व झाडे दरवर्षी सारखी फळत नाहीत. सप्टेंबरमध्ये दुर्बिणीने शेंडे पाहून यंदा कोणती झाडे लगडली आहेत याची नोंद करणे हे एका दुपारचे काम आहे आणि ते पुढचे कित्येक दिवस वाचवते. झाडाखाली ताज्या, ओलसर, चकाकणाऱ्या लेंड्या आणि फोडलेल्या फळांची टरफले असतील तर हरणे सध्या तिथे येत आहेत, हे नक्की समजावे.

आता वाऱ्याविषयी. हवामानाच्या अंदाजात दिलेली दिशा डोंगरात जशीच्या तशी मिळत नाही. सकाळी ऊन चढू लागले की उतारावरची हवा तापून वर सरकते आणि संध्याकाळी ती गार होऊन पाण्यासारखी घळीतून खाली वाहते. म्हणून सर्वसाधारणपणे सकाळी हरणाच्या वाटेच्या वरच्या अंगाला आणि संध्याकाळी खालच्या अंगाला बसावे. हे पडताळून पाहण्याचे सर्वांत उत्तम साधन फुकट मिळते. मिल्कवीड ही आपल्या रुईच्या कुळातली वनस्पती आहे आणि तिच्या वाळक्या बोंडातून अगदी तशीच म्हातारी उडते. दोन-तीन बोंडे खिशात ठेवावीत आणि बसल्या जागेवरून एकेक म्हातारी सोडून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहावे. पहिली दहा पावले ती अंदाजाप्रमाणे सरळ जाते, मग एखाद्या मोठ्या खोडापाशी घुटमळते, वर उचलली जाते आणि कधी कधी चक्क वळून आपण जिथून हरीण येईल असे धरून चाललो होतो त्याच वाटेवर जाऊन पडते. आपला वासही तिथेच जाऊन पडत असतो. अशी जागा कितीही मोहाची असली तरी त्या दिवसापुरती सोडावी. माझ्या मते वास लपवणाऱ्या महागड्या फवाऱ्यांपेक्षा ही रुईसारखी बोंडे अधिक कामाची आहेत.

पद्धतींमध्ये मचाणावर बसणे सर्वांत भरवशाचे आहे. पंधरा ते वीस फुटांवर बांधलेल्या मचाणावरून झुडपांवरून पलीकडचे दिसते, परंतु ज्या रानात फांद्या खालपासूनच दाट आहेत तिथे वर चढल्याने उलट दृष्टी अडते आणि जमिनीवर खोडाला पाठ लावून बसणे अधिक सोयीचे ठरते. मचाणावर चढताना पहिल्या पायरीपासून उतरेपर्यंत सुरक्षा-पट्टा बांधलेला असलाच पाहिजे आणि बंदूक रिकामी करून दोरीने वर ओढून घ्यावी. सार्वजनिक जमिनीवर झाडाला खिळे ठोकू नयेत. उजाडण्यापूर्वी तासभर आधी पोहोचावे आणि जाण्या-येण्याची वाट हरणांच्या बैठकीपासून व चरण्याच्या जागेपासून दूर ठेवावी. नोव्हेंबरच्या मध्याला, माजाचा काळ ऐन भरात असताना, नर भर दुपारीही माद्यांच्या मागे फिरतात, म्हणून त्या दिवसांत अकरा वाजता जेवायला उठू नये.

दुसरी पद्धत पावलापावलाने पुढे सरकण्याची आहे. पाऊस पडून पाचोळा मऊ झालेल्या दिवशीच ती वापरावी, कारण कोरड्या पाचोळ्यावरचे पाऊल पापड मोडल्यासारखे वाजते. वारा तोंडावर घेऊन तीन-चार पावले टाकावीत आणि मग झाडाच्या आडोशाला काही मिनिटे निश्चल उभे राहावे. तासाभरात शंभर-दोनशे यार्डांहून अधिक अंतर कापले गेले तर आपण घाई करतो आहोत. डोळ्यांनी अख्खे हरीण शोधू नये. उभ्या खोडांच्या रानात दिसणारी एक आडवी रेघ म्हणजे पाठ, मध्येच हललेला एक कान, गळ्याचा पांढरा ठिपका, नाकाचा ओला काळेपणा असे तुकडेच आधी दिसतात. हरणाला भडक नारिंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्याचे डोळे हालचाल टिपतात, त्यामुळे नारिंगी कपडा शिकारीच्या आड येईल ही भीती निराधार आहे. बंदुकीच्या हंगामात डोके, छाती व पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी कपडा घालणे येथे कायद्यानेच बंधनकारक आहे.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या) शनिवारी बंदुकीचा मुख्य हंगाम उघडतो आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत हरणे गचपणात दबा धरून बसतात. तेव्हा तिघा-चौघांचा छोटा हाका उपयोगी पडतो. आरडाओरडा करू नये. एक-दोघांनी वारा पाठीवर घेऊन सावकाश जाळीतून चालावे आणि त्यांच्या वासानेच हरणांना उठू द्यावे. हरणे सरळ पुढे न जाता बाजूने निसटतात, म्हणून बसणाऱ्यांनी कडेच्या वाटा धराव्यात. प्रत्येकाची जागा आणि बंदूक चालवण्याची दिशा निघण्यापूर्वी नक्की करावी आणि हाकेकरी ज्या बाजूला आहेत तिकडे कोणत्याही परिस्थितीत गोळी झाडू नये.

दाट रानातील बहुतेक नेम शंभर यार्डांच्या आतले असतात, म्हणून कमी शक्तीचा, रुंद दृष्टीचा स्कोप (बंदुकीवरची दुर्बीण) पुरतो. जड गोळी झुडपांतून सरळ जाते हा समज चुकीचा आहे, कारण बोटाएवढी डहाळीही कोणत्याही गोळीची दिशा बिघडवू शकते. वाट मोकळी नसेल, हरणाच्या मागे काय आहे हे दिसत नसेल किंवा लोकवस्तीची इमारत दीडशे यार्डांच्या आत असेल, तर गोळी झाडू नये. हरीण आडवे उभे असताना, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरावा. हृदय आणि फुप्फुसे तिथे असतात आणि जनावर फार वेळ तडफडत नाही.

गोळी लागल्यावर लगेच धावू नये. हरीण शेवटी जिथे दिसले ते झाड लक्षात ठेवावे आणि अर्धा तास घड्याळ लावून बसावे. मग जिथे गोळी लागली तिथले रक्त पाहावे. गुलाबी व फेसाळ असेल तर फुप्फुसाला लागली आहे आणि हरीण जवळच सापडेल. गडद लाल असेल तर यकृताला लागली असावी आणि तीन-चार तास थांबावे. रक्तात हिरवट पाणी व दुर्गंधी असेल तर पोटाला लागली आहे आणि सहा-आठ तास तरी मागावर जाऊ नये, कारण उठवलेले जखमी हरीण दाट रानात मैलभर जाते आणि मग हाती लागत नाही. माग काढताना प्रत्येक थेंबापाशी टिश्यू कागदाचा तुकडा टाकत जावे. माग तुटला तर मागे वळून पाहिल्यावर त्या तुकड्यांची रांग हरणाची दिशा दाखवते. जखमी केलेले जनावर शोधण्यासाठी उरलेला सारा दिवस द्यावा लागला तरी तो द्यावा.

हरीण सापडले की जागचे हलवण्यापूर्वी त्याच्या कानाला परवान्याचा टॅग भरून बांधावा आणि दहा दिवसांत गेम कमिशनला कळवावे. मांस खराब होऊ नये म्हणून आतडी तिथेच काढावीत. २०१२ पासून या राज्यात हरणांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग हा मेंदूचा जीवघेणा रोग आढळतो, त्यामुळे बाधित विभागातून डोके व पाठीचा कणा बाहेर नेता येत नाही आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस खाऊ नये. मांस घरच्या गरजेपेक्षा जास्त असेल तर १९९१ पासून चालणाऱ्या ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ या उपक्रमाद्वारे ते अन्नपेढ्यांना देता येते. हे सगळे उरकून घरी परतल्यावर कपडे उतरवून गुडघ्यांच्या मागे, काखेत आणि केसांत गोचीड शोधावी, कारण गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचे प्रमाण या राज्यात देशात सर्वाधिक असणाऱ्यांपैकी आहे आणि नोव्हेंबरच्या थंडीतही गोचीड जागी असते.