मास्टर कर्व्ह कसा काढायचा (पॉलिस्टायरीन घेऊन)

पॉलिमरला (लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ, इथे पॉलिस्टायरीन) तापवलं काय किंवा जास्त वेळ दिला काय, साखळ्या हलायला मोकळीक मिळते, म्हणून वेगवेगळ्या तापमानांचे कर्व्ह जोडून एकच लांब कर्व्ह, म्हणजे मास्टर कर्व्ह, काढला की 10 वर्षांचं वागणं आपल्याला एका दिवसात बघता येतं, मला तर हे अजूनही भारी वाटतं.

आधी डीएमए मशीनवर (हे सॅम्पलला हलके झोके देऊन त्याचा कडकपणा मोजतं) स्ट्रेन स्वीप करून, म्हणजे सॅम्पल किती ताणायचं ते हळूहळू वाढवत, लिनियर रेंज शोधा, म्हणजे जिथे कडकपणा ताणण्यावर अवलंबून नसतो, ही स्टेप कुणी म्हणजे कुणीच गाळू नका. मग साधारण 100 ते 140 डिग्रीपर्यंत दर 5 डिग्रीला झोक्यांची फ्रिक्वेन्सी बदलत 0.1 ते 10 हर्ट्झ स्वीप घ्या, आणि प्रत्येक तापमानाला सॅम्पल 5 मिनिटं तरी स्थिर होऊ द्या, घाईत घेतलेला डेटा नंतर जुळतच नाही.

आता एक रेफरन्स तापमान धरा, आपण ग्लास ट्रान्झिशन (जिथे काचेसारखा कडक पॉलिमर मऊ व्हायला लागतो) धरू, म्हणजे 100 च्या आसपास, आणि बाकीचे कर्व्ह लॉग फ्रिक्वेन्सीच्या अक्षावर आडवे सरकवत एकमेकांवर बसवा. जितकं सरकवलं तो शिफ्ट फॅक्टरचा लॉग (10 च्या पायाचा).

तो 1955 च्या विल्यम्स-लँडेल-फेरी समीकरणाशी ताडून बघा: आपलं तापमान वजा रेफरन्स तापमान या फरकाला −17.44 ने गुणा, 51.6 अधिक फरक याने भागा. 10 डिग्री वर गेलात की −2.83 येतं, म्हणजे हालचाल जवळपास 680 पट फास्ट! हे आकडे सरासरी आहेत, आपल्या मटेरियलचे फिट करूनच घ्या.

ग्लास ट्रान्झिशनच्या खाली हे समीकरण वापरू नका. टॅन डेल्टा (झोक्यात वाया गेलेल्या आणि साठलेल्या ऊर्जेचं गुणोत्तर) त्याच शिफ्टने जुळत नसेल तर सुपरपोझिशन, म्हणजे कर्व्ह सरकवून जोडायची ही पद्धत, चालत नाहीये, पॉलिथिनसारख्या अर्धस्फटिकी मालात असं होतं, तिथे ओढूनताणून बसवू नका.